तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे न जाता ताऱ्यातलं कसं कळतं?

खगोलशास्त्रावर कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी शाळकरी मुलगी असते, कधी निवृत्त इंजिनिअर. “तिथे कुणी गेलं नाही, तिथलं काही आणलं नाही. मग ताऱ्यात अमुक टक्के हायड्रोजन आहे, हे एवढ्या ठामपणे कसं सांगता?” ही शंका मला अगदी रास्त वाटते. “वर्णपटावरून” असं एका शब्दात सांगून मोकळं होता येतं आणि ते चूकही नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होऊ नये, कारण खरी कसोटी त्याच्या पुढेच लागते.

सुरुवात सोपी आहे. सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन नीट फाकवला, की रंगीत पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. 1814 च्या सुमारास जोसेफ फ्राउनहोफर यांनी अशा पाचशेहून जास्त रेषा टिपल्या. त्या कशामुळे पडतात, ते किरखोफ आणि बुन्सेन यांनी 1859-60 मध्ये उलगडलं. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषतं किंवा सोडतं. सोडियमची जोडरेषा प्रयोगशाळेत जिथे पडते, तिथेच ती सूर्याच्या वर्णपटातही आहे. म्हणजे सूर्यात सोडियम आहे.

आहे, हे कळलं. किती आहे?

इथे भलेभले चकले. सूर्याच्या दृश्य वर्णपटात सगळ्यांत ठळक रेषा कॅल्शियमच्या आहेत, लोखंडाच्या तर शेकड्यांनी. त्या मानानं हायड्रोजनच्या फिक्या. ठळक रेषा म्हणजे भरपूर साठा, असा हिशेब केला तर सूर्य बराचसा पृथ्वीसारखाच, फक्त तापलेला, असं वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाणकारांचंही मत तेच होतं.

गाठ सोडवायची किल्ली कोलकात्यात सापडली. मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये एक समीकरण मांडलं: अमुक तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू आपला इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतील, ते त्यातून काढता येतं. हे महत्त्वाचं का? कारण कोणता अणू कोणती रेषा उमटवेल, हे त्याच्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. तेवढ्या उष्णतेत जवळपास सगळ्या कॅल्शियम अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन सुटलेला असतो, आणि त्या ठळक रेषा उमटवायला नेमकी हीच अवस्था लागते. हायड्रोजनच्या दृश्य रेषांसाठी मात्र त्याचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो, आणि तसा अणू सुमारे वीस कोटींमागे एक. प्रचंड सभेत जवळपास सगळे गप्प आहेत आणि कोपऱ्यातली मूठभर माणसं घसा फोडून घोषणा देताहेत. आवाजावरून डोकी मोजली तर काय होईल? प्रत्यक्षात सूर्यात कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साडेचार-पाच लाख अणू आहेत.

हा हिशेब पूर्णत्वाला नेला सेसिलिया पेन यांनी. हार्वर्डमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचपट्ट्यांचा मोठा साठा होता, त्यांचं वर्गीकरण ॲनी जंप कॅनन यांनी केलेलं होतं. पेन यांनी त्या वर्णपटांना साहांचं समीकरण लावलं. 1925 च्या त्यांच्या प्रबंधात उत्तर आलं: तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळचे बडे तज्ज्ञ. त्यांनी हे अशक्य ठरवलं आणि पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात हे आकडे बहुधा खरे नसावेत असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचले आणि पेन यांच्या कामाची दखल त्यांनी घेतली. ते वाक्य लिहिताना पेन यांना काय वाटलं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. पंचविशीतल्या त्या मुलीचं गणित बरोबर होतं.

आज अवजारं बदललीत, पद्धत तीच. जेम्स वेब दुर्बिणीनं शोधलेल्या जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेचा प्रकाश महास्फोटानंतर तीस कोटी वर्षंही झाली नव्हती तेव्हा निघाला. 2025 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी तिच्यात ऑक्सिजनची रेषा पकडली. मुळात 88 मायक्रोमीटरची ही रेषा विश्वाच्या प्रसरणानं ताणली जाऊन 1.3 मिलिमीटरवर आली होती. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच शिजतो. म्हणजे इतक्या लवकर ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून, संपूनही गेली होती. मला ही अलीकडच्या काळातली सगळ्यांत थरारक बातमी वाटते. तिची फारशी चर्चा झाली नाही याचं वाईटही वाटतं.

चर्चा झाली ती के2-18बी ची. सुमारे 124 प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. त्यात 2023 मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजच्या गटानं डायमिथिल सल्फाइडच्या खुणा जाहीर केल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपासून येतो, त्यामुळे “जीवसृष्टी सापडली का?” हा प्रश्न मला तेव्हापासून सतत विचारला जातो.

अजून नाही. इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा तो संकेत डळमळीत निघाला. इथे सोडियमसारखी सुटी, टोकदार रेषा नसते. अनेक रेणूंचे रुंद पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कोणते रेणू गृहीत धरले त्यावर उत्तर फिरतं. शिवाय डायमिथिल सल्फाइड 67पी या धूमकेतूवरही आढळलं आहे, जिथे जीव नाहीत. हाच रेणू वेगळ्या तरंगलांब्यांवर, वेगळ्या उपकरणातून, तितक्याच प्रमाणात दिसला आणि जीवांशिवाय तो तिथे तेवढा तयार होऊ शकत नाही हे कुणी दाखवलं, तर मी माझं उत्तर बदलेन.