माड मोजले, घर नाही

गोव्यात, डिचोलीतल्या एका वकिलांकडे मी जुन्या पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करतो. हद्दी, वाटे, वारस, यातच दिवस जातो. त्या दिवशी एका आजींचा मुंडकारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाच्या घराचा, दावा होता.

भाटकाराच्या, म्हणजे भाटाच्या (माडांच्या बागेच्या) मालकाच्या, बाजूने १९३१ चा दस्त आला होता. मी वाचत गेलो: माड बासष्ट, फणस चार, विहीर एक, पूर्वेला ओहोळ. बस्स. आजींच्या सासऱ्यांचा जन्म त्याच भाटातला.

"सगळें वाचलें मरे? आनी आमी खंय?"

भाट राखायचं, पडलेले नारळ पोचवायचे, हाक आली की फुकट राबायचं, या तोंडी बोलीवर झोपडी. तिचा कागद कोण करणार? दस्त भाटकाराचा, भाषा लिस्बनची. पुढे १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर विकत घेण्याचा हक्क दिला, पण इथेच राहत होतात हे दाखवा म्हटलं की पुन्हा कागदच!

"जुनं काय आठवतं?" मी विचारलं. आजी थेट १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर गेल्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. भाटकार पानांचा, सासरे फुलाचे, विलीनीकरणवादी पहिले मुख्यमंत्री बांदोडकर म्हणजे त्यांना देव. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. (या विषयावर आमच्याकडे पंगतीत अजून भांडणं होतात. मी ताटात बघून जेवतो.)

"निकाल लागलो आनी भाटकारान बांयचो दोर व्हेलो."

विहिरीचा दोरच नेल्यावर आठ दिवस त्यांनी ओहोळाचं पाणी डोक्यावरून आणलं. नवी सून होत्या.

मी मात्र दोर सोडून मतावर अडकलो. मत दिलं म्हणजे यादीत नाव असणारच. त्याच वाड्यातल्या दुसऱ्या दाव्यासाठी आणलेली त्या वेळच्या मतदार यादीची नक्कल कपाटात होती. धूळ झटकून पानं उलटली. सासऱ्यांचं नाव, बापाचं नाव, वय आणि घर क्रमांक. माडांच्या हिशेबात न बसलेलं घर इथे क्रमांकासकट होतं, कारण त्या घरातली मतं हवी होती.

मी नाव मोठ्याने वाचलं. आजींनी पुन्हा वाचायला लावलं.

"भाटकाराचें नांव खंय?"

सात ओळी वर होतं. दाखवलं.

"एकाच पानार?" त्यांना वाचता येत नव्हतं. तरी एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत त्या बोट खाली आणत राहिल्या. झेरॉक्स काढायला मला पान हवं होतं, पण मी थांबलो.