सील न तुटलेला खोका

आज दिवसभर महापेच्या आमच्या डेटा सेंटरच्या स्टोअरमध्ये स्टॉक मोजत होतो, पाठ पार आखडलीय पण झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. एकदम मागच्या रॅकवर डीडीआर४ रॅमचा, म्हणजे सर्व्हरच्या जुन्या पिढीच्या मेमरीचा, खोका सापडला, सीलसुद्धा तुटलेलं नाही, वर धुळीचा थर, आणि आता आमचे नवे सर्व्हर सगळे डीडीआर५चे, त्यात ही बसणारच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. हातात धरून खरंच जीव तुटला.

कुणी मुद्दाम नाही केलं हे. प्रोजेक्टवाले म्हणतात चार जास्तच मागवा ऐनवेळी पळापळ नको, परचेसवाले म्हणतात जास्त घेतलं तर रेट चांगला मिळतो, आणि स्टोअरमध्ये काय पडलंय ते कुणी बघत नाही कारण तीन जणांच्या तीन एक्सेल शीट. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं तर अजून वाईट, लेड-ॲसिडच्या त्या, नुसत्या पडून राहिल्या तरी उतरतात, साधारण सहा महिन्यांनी चार्ज दिला नाही तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि न वापरताच भंगारात. वॉरंटीपण बऱ्याचदा माल निघाल्या तारखेपासून धरतात, लावल्यापासून नाही.

संध्याकाळी साहेबांशी बोललो, पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायच्या आधी स्टोअरचा आकडा विचारायचाच, शीट एकच ठेवायची आणि आधी आलेला माल आधी बाहेर. हो म्हणाले. रॅम जुन्या सर्व्हरना चालेल का म्हणून ऐरोलीच्या साइटला विचारलंय, फोन यायचाय त्यांचा.