तुम्ही विचारलंत म्हणून: ओगरचे आकडे मी नव्या पुस्तकातून का उचलत नाही

‘ओगर नव्या पुस्तकात आहे, गॉब्लिन आहेत, कोबोल्ड आहेत. जुन्या मोहिमेत नाव दिसलं की नवं पान उघडायचं आणि खेळायचं. तू महिनोन्‌महिने करतेस तरी काय?’ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या, गोष्ट रंगवत खेळायच्या खेळासाठी कोथरूडच्या आमच्या टेबलावर येणारा प्रत्येक नवा माणूस हे विचारतो; ओगर, गॉब्लिन, कोबोल्ड हे त्यातले राक्षस. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच लिहून टाकते.

मोहीम, म्हणजे खेळायची छापील गोष्ट, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’, गॅरी गायगॅक्सची, १९७९ची. नियम मात्र पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे; जुनी मोहीम या नव्या नियमांत बसवणं हे माझं काम. यातलं आकडेमोडीचं काम खरंच सोपं आहे, त्यासाठी कुणाला माझी गरज नाही. जुना एसी (मार चुकवण्याचा आकडा) उतरता, नवा चढता. १९मधून वजा करा, झालं. मीही कॉलेजात असताना एवढंच करायचे आणि त्याला रूपांतर म्हणायचे.

अडतं ते पुढे. जुन्या नियमांत सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण; ते साठले की पात्राची लेव्हल वाढते). फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात, आणि १९८१च्या बेसिक नियमांप्रमाणे ओगर मारून मिळतात १२५, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे ओगरशी लढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. त्याला चुकवा, फितवा, त्याचं सोनं उचला आणि बाहेर पडा, असं नियमच सुचवत होते. नव्या नियमांत त्याच ओगरचे ४५० मिळतात आणि दुसरी लेव्हल ३००वर येते. तीच गुहा, तेच दार, पण खेळाडूला आत ढकलणारी गोष्ट उलटी झाली. मूळ मोहिमेत संकटात सापडलेले गॉब्लिन या ओगरकडे २५० नाण्यांची थैली फेकून त्याला मदतीला बोलावतात. जो पैशावर येतो तो पैशावर परतही जाईल, हे टेबलावर कुणाला तरी सुचावं यासाठी ती थैली आहे, असं मी मानते. पण समोर ४५० दिसत असताना ते कुणाला सुचणार?

आता ज्याबद्दल मी बोलत नाही ते.

सहकारनगरात एका मित्राच्या घरी हीच मोहीम चालली होती. डीएम (खेळ चालवणारा) तो होता, मी क्लेरिक (पुजारी) खेळत होते, आणि दहावीची परीक्षा संपलेला माझा धाकटा भाऊ विझार्ड (जादूगार). मी छापून ठेवलेले १९८१चे नियम त्याने सुट्टीत पुन्हा पुन्हा वाचले होते. त्यात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. पण ‘स्लीप’ (झोपेचा मंत्र) निवडला तर ४+१ हिट डाइसपर्यंतचा (हिट डाइस म्हणजे राक्षसाच्या ताकदीचं माप) प्राणी झोपतो, सेव्हिंग थ्रोसुद्धा (वाचण्यासाठी फासा टाकायची संधी) नाही. आणि ओगर बरोबर ४+१चा. मर्यादा त्याच्यावर येऊन थांबते. फुंकरीने पडेल असा पोरगा त्या गुहेत सगळ्यांना वाचवू शकतो, फक्त एकदा. भावाने हे वाचून ठरवलं होतं. कोबोल्डांच्या गुहेत आमचे हाल चालले होते तरी त्याने स्लॉट (दिवसाचे मंत्र) खर्च केले नाहीत. मी दोनदा म्हटलं, टाक आता. म्हणाला, ‘नाही ताई, ते ओगरसाठी आहेत.’

ओगर आला. भावाने स्लीप टाकला. नव्या नियमात पाच डी-एट (आठ बाजूंचे फासे) टाकायचे आणि बेरजेइतक्या हिट पॉइंटपर्यंतचे (हिट पॉइंट म्हणजे जीव किती उरलाय त्याचा आकडा) प्राणी झोपतात. बेरीज ३१ आली. सरासरी २२-२३ येते, म्हणजे हात फारच चांगला पडला होता. तो खुर्चीवरून उठलाच. डीएम म्हणाला, ‘तो उभा आहे.’ मग ओगरची गदा फिरली, १७ डॅमेज (इजा). भावाचे हिट पॉइंट ७. उरलेले १० त्याच्या कमाल आकड्यापेक्षा जास्त, म्हणजे डेथ सेव्हही (मरणातून वाचायचे फासे) नाहीत, जागच्या जागी मेला.

भाऊ रडला नाही, भांडला नाही. त्याने विचारलं, ‘किती यायला हवे होते?’

‘एकोणसाठ.’

‘पाच फाशांवर?’

‘पाच फाशांवर चाळीसच्या वर जातच नाही रे,’ डीएम म्हणाला. चिडवत नव्हता, प्रामाणिकपणे सांगत होता. नव्या पुस्तकातल्या ओगरला ५९ हिट पॉइंट आहेत आणि ते त्याने जसेच्या तसे घेतले होते. टेबलावर मी त्याचीच बाजू घेतली. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी बोलले. घरी जाताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला भाऊ मागून एवढंच म्हणाला, ‘मी वाचून आलो होतो.’ त्यानंतर तो कुठल्याच टेबलावर बसला नाही. आता बंगलोरला असतो, फोन रोज होतो, पण या खेळाचं नाव तो काढत नाही.

त्या वेळच्या मला आजही पूर्ण खोटं पाडता येत नाही. ती म्हणते, नव्या स्लीपचं पान त्याच्यासमोर होतं, जुनं पुस्तक वाचून नव्या टेबलावर का आला? मी म्हणते, टेबलावर ‘ही ती मोहीम आहे’ असं सांगून बसवलं होतं आणि तिच्यात ओगरवर एक उत्तर होतं. ते काढून घेतलं आणि ओगर ठेवला. त्यावर ती म्हणते, मग जुन्याच नियमांनी खेळा! याला माझ्याकडे धड उत्तर नाही. माझे निम्मे खेळाडू जुन्या नियमांना तयार नाहीत, एवढंच खरं. आणि हे सगळं मी भावापायी करते का? असेलही. म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

तर मी काय करते: आधी बघते की त्या खोलीत कोण कशाने वाचू शकत होतं, आणि मग आकडा बसवते. माझा ओगर २४ हिट पॉइंटांचा आहे, गदा तीच. तुमच्यापैकी काही जण म्हणतात, चार जणांनी एका फेरीत कापला तर? कापतात, दोनदा तसं झालंय. मी ३० करून पाहिले, तर स्लीप जवळजवळ निकामी झाला. अजून हलवते आहे.

एक्सपी पुन्हा सोन्यावर आणले. २डी-सिक्सचा रिअ‍ॅक्शन रोल (राक्षस कसा वागेल ते ठरवणारे दोन फासे) आणि मोराल (त्याची हिंमत टिकते का, ते) परत आणले. राक्षस घाबरतात, बोलतात, पळतात. यावर सगळ्यात जास्त कुरकुर होते, माघार घेणं हीरोला शोभत नाही म्हणून. पुण्यात बसून हे ऐकताना मला खरोखर राग येतो. पुरंदरच्या तहात १६६५ साली २३ किल्ले देऊन राज्य वाचवलं आणि १६७०मध्ये ते परत घ्यायला सुरुवात झाली, हे ज्यांना शाळेपासून पाठ आहे त्यांनी ओगरशी तह करायला लाजावं?

आता २०२४चे नियम आले. त्यात स्लीपचा हिट पॉइंटशी संबंधच उरला नाही. विस्डमचा (शहाणपणाचा) सेव्ह, आणि दोनदा चुकला की झोप. ओगरचं विस्डम ७. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचा डीसी (सेव्हला फाशावर गाठायचा आकडा) १३ धरला तर दोन्ही वेळा चुकायची शक्यता ४९ टक्के. म्हणजे पुस्तकातला ओगर उचलला तरी भावाचा मंत्र निम्म्या वेळा लागला असता. तुमच्यातल्या एकाने हे मला विजयी सुरात ऐकवलं. हिशोब बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिला. पण झोपायला एक फेरी मध्ये जाते. जुन्या स्लीपने तो लगेच झोपायचा. हा फरक चालवून घ्यायचा की ओगर आणखी हलवायचा, हे मला ठरवता आलेलं नाही. तोवर माझ्या टेबलावर तो २४चाच आहे, आणि थैलीत २५० नाणी आहेत.