तुम्ही विचारलंत म्हणून: हेल्मेट कुठलं घ्यायचं?

नवी सायकल घेतलेलं कोणी भेटलं की पहिला प्रश्न हाच, हेल्मेट कुठलं घेऊ. डोक्याला नीट बसेल ते घ्या, कपाळ झाकलं पाहिजे, पट्टा सैल नको, आणि एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला कारण आतला थर्माकोल दबलेला असतो. झालं, हेल्मेटचं एवढंच.

पण खरं सांगू का, मी जोरात पडलो तेव्हा हेल्मेट डोक्यावरच होतं आणि मोडलं ते खांद्याचं हाड. शहाण्यासारखा अगदी कडेकडेने चाललो होतो, उभ्या कारमधल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं आणि मी थेट दारावर. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी अंतर सोडून चालवतो, मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. कारवाल्यांसाठी याला फुकटचा उपाय आहे, दार त्याच्यापासून लांबच्या हाताने उघडायचं म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. डच रीच म्हणतात त्याला, ब्रिटनने २०२२ मध्ये हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रहदारीच्या नियमपुस्तकातच घातलं. तुमच्याकडे गाडी असेल तर लावून घ्या ही सवय.

ट्रक-बसचं तर विचारूच नका. वळणाऱ्या ट्रकच्या बगलेत शिरायचं नाही, सिग्नलला उभा असला तरी नाही, मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून वळतात आणि तुम्हाला त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट गाड्यांचा वेग, जी आपल्या हातातच नाही. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा, तेवढ्यात ५० ने येणारी गाडी १४ मीटर पुढे आलेली असते, ३० ची ८ मीटर, आणि धडकेतली ऊर्जा ५० ला ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते-अपघातात तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं, मग 'मुलांची हत्या थांबवा' म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढे वेगळे सायकल ट्रॅक झाले, गल्लीबोळातला वेग उतरवला. आज तिथे रोजचे सायकलवाले बहुतेक हेल्मेट घालतच नाहीत!

मी घालतो. माझ्या रस्त्याला ट्रॅक नाहीये ना. काळं आहे, रंग बघून घेतलं होतं, तुम्ही पिवळं घ्या.