नाओशिमा आणि तेशिमा: बाबांबरोबर पाहिलेली कलेची दोन बेटं

जपानला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली एकच गोष्ट आधी सांगते. नाओशिमाला जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढल्याबरोबर तिथल्या चिचू कला संग्रहालयाचं तिकीट काढा, हॉटेलचं मागाहून बघा. तिथे ठरलेल्या वेळेचंच तिकीट मिळतं, ते ऑनलाइन काढायचं असतं, आणि शनिवार-रविवारच्या वेळा फार लवकर भरतात. आम्ही ते केलं होतं म्हणून पुढचे तीन दिवस जमून आले.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. रोल धुणं, लाल दिव्याच्या खोलीत प्रिंट काढणं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मुझियमं बघायची त्यांना हौस नाही. पण एका जपानी छायाचित्रकाराने समुद्राचे फोटो उघड्यावर, थेट समुद्रासमोर टांगून ठेवलेत असं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "खारा वारा लागून खराब होत नाहीत का ते? चल, बघू तरी."

नाओशिमा हे जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातलं छोटं बेट. उत्तरेच्या टोकाला 1917 पासून तांबं गाळण्याचा कारखाना आहे. दक्षिणेला उद्योगपती सोइचिरो फुकुताके आणि वास्तुकार तादाओ आंदो यांनी 1992 मध्ये बेनेसे हाउस उभं केलं. संग्रहालय आणि हॉटेल एकाच इमारतीत. तिथून सुरू झालेलं काम शेजारच्या तेशिमा आणि इनुजिमा बेटांपर्यंत पोचलं. 2010 पासून दर तीन वर्षांनी या सगळ्या बेटांवर सेतोउची कला महोत्सव भरतो. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, तेव्हा 2025 चा महोत्सव नुकताच संपला होता. मला हा काळ फार चांगला वाटला. गर्दी ओसरलेली असते, हवा कोरडी असते, आणि मुख्य कलाकृती कायमच्याच असल्याने काही हुकत नाही.

ओकायामाहून लोकल गाडीने उनो बंदर, तिथून 20 मिनिटांच्या फेरीबोटीने नाओशिमाचं मियानोउरा बंदर. शिकोकू बेटाच्या बाजूने येणाऱ्यांना ताकामात्सुहून साधारण 50 मिनिटं लागतात. धक्क्यावर उतरताच यायोई कुसामा या जपानी कलावतीचा लाल भोपळा दिसतो, आत शिरता येईल एवढा मोठा. तिचा पिवळा भोपळा बेटाच्या दुसऱ्या बाजूला, समुद्रात शिरलेल्या छोट्या धक्क्यावर आहे. 1994 पासून तो तिथे होता. ऑगस्ट 2021 च्या वादळात लाटांनी ओढून नेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नवा करून बसवला. तिथे फोटोसाठी रांग असते. रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका, सकाळी लवकर जा.

पहिला दिवस आम्ही फक्त होनमुरा गावाला दिला. गावातली रिकामी पडलेली जुनी घरं कलाकारांच्या हाती सोपवली आहेत. म्हणजे कलाकृती घरात ठेवलेली नाही, घर हीच कलाकृती. कादोया हे त्यातलं पहिलं, सुमारे दोनशे वर्षांचं घर. आतल्या खोलीत जमिनीच्या जागी उथळ पाणी आहे आणि पाण्याखाली 125 डिजिटल आकडे लुकलुकतात. तात्सुओ मियाजिमाने 1998 मध्ये हे केलं, तेव्हा प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसाकडून ठरवून घेतला. सगळ्यात लहान होता 5 वर्षांचा आणि सगळ्यात मोठा 95 चा. काही आकडे धावतात, काही एवढे सावकाश बदलतात की बंद पडले की काय असं वाटावं. शून्य येतच नाही. नवानंतर क्षणभर अंधार, पुन्हा एक. मी पाण्याच्या कडेला बसून एकाच संथ आकड्यावर नजर ठेवली. तो वेग कुणाचा, त्या माणसाने तो का निवडला असेल, हाच विचार मनात येत राहिला.

मग मिनामिदेरा. ज्या जागी पूर्वी मंदिर होतं तिथे आंदोने जळक्या लाकडाची काळी इमारत बांधली आहे आणि आत जेम्स टरेल या अमेरिकी कलाकाराची 1999 ची कलाकृती आहे. थोड्याथोड्या माणसांना सोडतात, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. मोबाइल बंद. एक हात भिंतीवर ठेवून आत जायचं आणि बाकावर बसायचं, एवढीच सूचना. तिथला अंधार आपल्या ओळखीचा नाही. डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, फरक कळत नाही. माझ्या छातीत धडधडायला लागलं. शेजारून बाबांचा अगदी शांत आवाज आला, "घाई करू नकोस. डोळे उघडे ठेव आणि समोर बघू नकोस, जरा बाजूला बघ."

पाचेक मिनिटांनी, कदाचित जास्तच, समोर राखाडी रंगाचा एक चौकोन असल्यासारखं वाटलं. नंतर तो आहे याची खात्री झाली. उठून त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. जवळ गेल्यावर कळतं की तो प्रकाश आम्ही आत आलो तेव्हाही तेवढाच होता. डोळ्यांना तो दिसायला वेळ लागला, एवढंच. बाहेर आल्यावर बाबा पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "फोटोचा कागद डेव्हलपरच्या द्रावणात टाकला की असंच व्हायचं. आधी काहीच नाही. मग वाटतं, काहीतरी आहे. मग चेहरा येतो. पण तिथे कागद बदलायचा, इथे माणूस बदलतो." या बेटाबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठेच वाचलेलं नाही.

वयस्कर माणसांना सोबत नेणार असाल तर मिनामिदेराची कल्पना आधी द्या. अंधाराची धास्ती असेल त्यांनी दाराजवळच्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावं.

गावाच्या टेकडीवर गो'ओ हे छोटं देऊळ आहे. 2002 मध्ये हिरोशी सुगिमोतोने, म्हणजे समुद्राचे फोटो टांगणाऱ्या त्याच छायाचित्रकाराने, त्याची पुनर्बांधणी केली. देवळाच्या गाभाऱ्यापासून जमिनीखालच्या खोलीपर्यंत त्याने काचेचा जिना नेला आहे. काच म्हणजे ऑप्टिकल ग्लास, लेन्स ज्याची करतात ती. वरून उजेड त्या ठोकळ्यांतून खाली झिरपतो. जमिनीखाली जायला काँक्रीटची अरुंद वाट आहे, अंगाने भरलेल्या माणसाला तिरकं व्हावं लागेल इतकी. हातात टॉर्च देतात. बाबा त्या पायऱ्यांकडे लेन्स तपासावी तसे बघत होते, आत बुडबुडा दिसतो का ते. परत फिरलं की वाटेच्या टोकाशी उजेडाची एक उभी चीर असते आणि त्या चिरेत समुद्र. ही चौकट सुगिमोतोने ठरवून दिलेली आहे. एवढ्यासाठी तरी आत जा.

होनमुरातच 31 मे 2025 ला आंदोचंच नवं संग्रहालय उघडलं, आशियातल्या समकालीन कलाकारांसाठी. तिथे त्साइ ग्वो-छियांग या चिनी कलाकाराचे 99 लांडग्यांचे पुतळे एकामागून एक हवेत झेप घेतात आणि काचेच्या भिंतीवर आपटून खाली पडतात. मला ते भव्य वाटलं, पण कादोयानंतर मन तिथे फारसं रमलं नाही.

दुसरा दिवस चिचूचा. गावातली बस त्सुत्सुजि-सो थांब्यापर्यंत नेते, 100 येन सुटे ठेवा. पुढे संग्रहालयाची मोफत बस मिळते किंवा समुद्राकाठच्या रस्त्याने चालत जाता येतं. चालणं जमत असेल तर चालाच.

चिचू म्हणजे जमिनीच्या आत. बेटाची कड बिघडू नये म्हणून 2004 चं हे अख्खं संग्रहालय टेकडीत पुरलं आहे. आत कलाकार तीनच. फ्रेंच चित्रकार मोनेच्या पाच कमलचित्रांच्या खोलीत विजेचा दिवा नाही. वरून येणारा दिवसाचा उजेड आणि खाली संगमरवराच्या दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्यांची फरशी, तीही बूट काढून चालायची. ढग आला की चित्र गडद होतं. आम्ही होतो तेव्हा असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी वर बघायला लागली. टरेलच्या एका खोलीत पायऱ्या चढून भिंतीवरच्या निळ्या आयतात पाऊल टाकायचं असतं. ती भिंत नसून पोकळी आहे हे पाय आत पडल्यावरच पटतं. आत फोटो काढायला बंदी आहे. बाबांनी कॅमेरा लॉकरमध्ये ठेवला आणि दिवसभर त्याची आठवण काढली नाही.

दुपारी बेनेसे हाउस. ज्यांच्यासाठी बाबा आले ते सुगिमोतोचे फोटो इथल्या गच्चीवर आहेत. 1980 पासून तो जगभरचे समुद्र एकाच पद्धतीने टिपत आला आहे. वर अर्धं आकाश, खाली अर्धं पाणी, मध्ये क्षितिज. बोट नाही, पक्षी नाही, किनारा नाही. काँक्रीटच्या भिंतीवर ते ओळीने लावलेत आणि भिंत संपते तिथे खरा समुद्र सुरू होतो. बाबांनी चष्मा वर करून एका फोटोच्या काचेला जवळजवळ नाक लावलं, मग मागे सरकत गेले, कठड्याला पाठ टेकेपर्यंत. "मोठ्या प्लेटवरचं काम आहे," एवढंच बोलले. थोड्या वेळाने म्हणाले, "नासायला ठेवलेत असं समजत होतो मी. नासायला नाही, राहायला ठेवलेत." त्याच परिसरात सुगिमोतोचं 2022 मध्ये उघडलेलं स्वतंत्र दालन आहे, काचेच्या चहाघरासकट. त्यासाठी वेगळं आरक्षण करा.

तिसरा दिवस तेशिमा. नाओशिमाहून छोटी बोट जाते, तिच्या फेऱ्या मोजक्या आणि जागा कमी. निघण्याच्या बऱ्याच आधी धक्क्यावर पोचा आणि परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. नाओशिमातली बहुतेक ठिकाणं सोमवारी बंद असतात, तेशिमातली मंगळवारी, आणि हिवाळ्यात तिथे आणखीही दिवस बंद ठेवतात. त्यामुळे वार जुळवूनच बेत आखा. बेट चढउताराचं आहे. विजेवर चालणारी सायकल घ्या. बाबांना सायकल नको होती म्हणून आम्ही बस धरली, पण ती तासातासाने येते.

या बेटाला एक जखम आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 पर्यंत इथे बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला. गावकऱ्यांनी लढून 2000 मध्ये तडजोड मिळवली. मग 9 लाख टनांहून जास्त कचरा आणि माती जहाजाने नाओशिमाला नेऊन तिथे प्रक्रिया केली गेली. ती वाहतूक 2017 मध्ये संपली. हे ठाऊक असलं की तेशिमा संग्रहालयातलं पाणी वेगळं दिसतं.

वास्तुकार र्यूए निशिझावा आणि कलाकार रेई नाइतो यांचं हे 2010 चं काम. मातीचा ढिगारा रचून त्यावर काँक्रीट ओतलं आणि मग आतली माती उपसून काढली. राहिलं ते 40 बाय 60 मीटरचं, एकही खांब नसलेलं पांढरं कवच. छताला दोन मोठी भोकं, त्यांना काच नाही. आत बोलायचं नाही, बूट बाहेर. जमिनीत सुईएवढी छिद्रं आहेत आणि त्यांतून पाणी येतं. मी पोटावर आडवी झाले. माझ्या नाकासमोर एका छिद्रातून थेंब वर आला, हरभऱ्याएवढा झाला, थरथरला, थांबला. वाऱ्याची झुळूक आली तसा निघाला, शेपटी काढत, वाकडातिकडा. वाटेत दुसऱ्याला भेटला, दोघांचा एक झाला आणि वेग दुप्पट. शेवटी सगळे एका डबक्यात, ज्यात छताच्या भोकातलं आकाश होतं. या पलीकडे आत काही नाही. आम्ही दीड तास बसलो. जाड मोजे घाला, नोव्हेंबरात ती जमीन गार असते. नोव्हेंबरपासून दुपारी 4 लाच बंद होतं, म्हणून हे सकाळी पाहा.

कारातो बंदराच्या पुढे, किनाऱ्यावर एक काळं लाकडी घर आहे. ख्रिस्तियां बोल्तांस्की या फ्रेंच कलाकाराने 2008 पासून जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित केले, ते इथे जपलेत. तो स्वतः 2021 मध्ये गेला. एका लांब अंधाऱ्या खोलीत अनोळखी माणसाचे ठोके घुमतात आणि त्या तालावर एकच बल्ब लागतो-विझतो. वेगळे पैसे देऊन आपलेही ठोके तिथे ठेवता येतात. बाबा नको म्हणाले. "माझं बीपीच्या गोळ्यांवर चाललंय, ते कशाला जपून ठेवायचं?" त्या खोलीतून बाहेर आल्यावर मात्र स्वतःच काउंटरवर जाऊन उभे राहिले.

छातीला यंत्र लावून ते स्टुलावर ताठ बसले. हयातभर समोरच्याला "हलू नका" सांगितलेला माणूस आता स्वतः जराही न हलता बसला होता. खिडकीबाहेर समुद्र होता. मी घड्याळ बघत होते, कारण शेवटची बोट गाठायची होती. तुम्ही या घरासाठी किमान एक तास ठेवा, आणि कारातोच्या थांब्यापर्यंत चालत जायची पंधरा-वीस मिनिटं वेगळी.