पावसात उभा राहून वाचणारा गृहस्थ

२०२४ च्या मे महिन्यात तीन आठवडे लेकीकडे न्यू जर्सीत होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, सगळं रीतसर झालं. लिहावंसं वाटतंय ते मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या एका मंद उजेडाच्या दालनाबद्दल.

आम्ही निघालो होतो म्युझियममध्येच असलेलं इजिप्तचं देऊळ बघायला. वाटेत १८९० च्या दशकातली अमेरिकन पोस्टरं लागली, लिओनार्ड लॉडर यांच्या संग्रहातली. जुना कागद, प्रखर उजेडानं रंग उडतात, म्हणून दिवे बेतानं ठेवलेले. बहुतेक मासिकांच्या जाहिराती. नवा अंक आला की दुकानात लावायची, महिना सरला की काढायची. पण लोकांना ती इतकी आवडली की जमवायचं वेडच लागलं, आणि म्हणून ती उरली.

एडवर्ड पेनफील्ड यांनी 'हार्पर्स' मासिकासाठी १८९३ ते १८९९ अशी पोस्टरं काढली. एप्रिल १८९३ चं पहिलं: रेनकोट घातलेला एक गृहस्थ पावसात उभा राहून अंक वाचतोय. बस, एवढंच. मे १८९६ ला मांजरं घेतलेली बाई. मार्च १८९७ ला एका बाकावर ओळीनं बसलेले प्रवासी, जो तो अंकात बुडालेला. ठसठशीत रेषा, सपाट रंग, मागे जवळजवळ काहीच नाही. जपानी छापचित्रांची आणि पॅरिसच्या पोस्टरांची ओढ स्पष्ट दिसते. पण माणसं न्यूयॉर्कचीच. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मला तेच फार आवडलं.

लेक दोनदा हाक मारून गेली. माझे पाय हलेनात, कारण मला आजोळचं देवघर आठवत होतं. तिथे रविवर्म्याची लक्ष्मी होती. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, म्हणजे पेनफील्ड यांच्या ऐन भरातच. आमच्या घरात छापून आल्या त्या लक्ष्मी आणि सरस्वती. त्या चित्रांवर माझा जीव आहे, त्यांच्यासमोर हात जोडूनच मी मोठी झाले. पण त्याच सुमाराला माझी पणजी पहाटे उठून जात्यावर बसत होती, नळावर रांग लावत होती. तिच्या पदराची, तिच्या बसण्याची एक रेषाही कुठे छापली गेली नाही. ती कशी दिसायची हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही.

पेनफील्ड यांच्या चित्रातही सगळं न्यूयॉर्क नाही, हेही सांगायला हवं. ही सवडीची, चांगल्या कपड्यांतली माणसं आहेत. त्याच शहरातल्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीनं राहणाऱ्या कामगारांचे फोटो त्या काळात जेकब रीस हे पत्रकार काढत होते. ती माणसं या पोस्टरांवर कधी आली नाहीत. विकायचं होतं मासिक, तेव्हा विकत घेऊ शकणारेच रंगवले गेले. हे कळत असूनही तो पावसातला गृहस्थ मला परका वाटला नाही.

तिकिटाचे तीस डॉलर ऐकून सकाळी मी कुरकुरले होते. देऊळ घाईघाईत पाहिलं, आणि दालन बंद व्हायच्या आधी पुन्हा एकदा त्या बाकावरच्या माणसांपाशी जाऊन उभी राहिले. या वेळी लेकही शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पणजीबद्दल अजून सांग ना."