उंदराला कुठे उदासी येते?

नातेवाईक, विद्यार्थ्यांचे पालक आणि आमच्या परभणीकडच्या गावातले लोक मला फिरून फिरून एकच विचारतात: उंदराला कुठे उदासी येते, आणि येत नसेल तर त्याच्यावर तपासलेली गोळी तुम्ही वडिलांना कशी घेऊ दिलीत? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गोळी मानसोपचारतज्ज्ञांनी दिली होती, मी नव्हे. पण मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे एवढ्यावर माझी सुटका होत नाही.

उंदराकडून आम्ही उदासी मागत नाही, रसायन मागतो. फ्लुओक्सेटिन हे उदासीवरचे औषध दिले की चेतापेशींमधल्या फटीत सुटलेले सेरोटोनिन हे निरोप नेणारे रसायन परत ओढून घेणारे प्रथिन अडते, आणि हे काही तासांतच मोजता येते. मग माणसाला गुण यायला काही आठवडे का लागतात? त्याचाही एक धागा उंदरांतच सापडला. मेंदूच्या खोडातील राफे केंद्रकांत सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर ५-एचटी१ए नावाचे ग्राही, म्हणजे सेरोटोनिन टिपणारी प्रथिने, असतात. सेरोटोनिन वाढल्याचे त्यांना कळताच त्या पेशी स्वतःचेच काम मंदावतात. औषध २-३ आठवडे चालू राहिले की हे ग्राही बोथट होतात, पेशी पूर्वीच्या गतीला येतात आणि मगच औषधाचा पुरता जोर दिसतो. एवढ्यापुरते मी कोणाशीही भांडेन.

अडते ते पोहण्याच्या चाचणीपाशी. १९७७ साली पोर्सोल्ट या संशोधकाने मांडलेल्या या चाचणीत उंदराला पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडतात आणि तो धडपड सोडून किती वेळ नुसता तरंगतो ते मोजतात. औषध दिलेला उंदीर कमी वेळ तरंगतो. एका सुट्टीत मी घरी अशाच चित्रीकरणावरून सेकंद मोजत होतो. सोयाबीन हातचे गेल्यापासून वडील बोलत नव्हते, गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ते मागे येऊन उभे राहिले आणि हे काय म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले की हा उंदीर आता हरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हारला कशावरून म्हनतोस? पाय टेकंना हे कळल्यावर दम राखून धरला असंल. हिरीत पडलेला मानूस हातपाय मारत बसला तर आधी बुडतो." त्या महिन्यातले त्यांचे ते सर्वांत मोठे बोलणे होते, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरंगणे म्हणजे निराशा नसून शिकलेला शहाणपणा असावा, हा आक्षेप संशोधकही घेतात, तो मला पाठही होता. पण गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना तो केवळ उंदराविषयी राहिला नाही.

पूर्वीचा मी यावर म्हणालो असतो की चाचणीने औषध ओळखले म्हणजे झाले, उंदराच्या मनाशी काय करायचे. मात्र माणसाला गुण यायला आठवडे लागतात आणि याच चाचणीत औषध २४ तासांत परिणाम दाखवते, तेव्हा ती नेमके काय ओळखते? उलट, सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांनी उंदीर अधिक पोहतो आणि नॉरअॅड्रेनालिन हे तसेच दुसरे रसायन वाढवणाऱ्यांनी भिंतीवर अधिक चढू पाहतो, इतका फरक तीच चाचणी दाखवते. ती टाकाऊ म्हणणेही मला जमत नाही. मी ती अजून शिकवतो, फक्त "निराशा" न म्हणता "निश्चल काळ" म्हणतो, आणि विद्यार्थी वहीत तरीही निराशाच लिहितात.

वडील पुढे बोलू लागले. ते गोळीने की पुढच्या वर्षीच्या पावसाने, यावर आमच्या घरात अजून वाद आहे, आणि त्यात माझे मत दर वेळी सारखे नसते.